‘प्रीमियम’ म्हणजे ‘बिझनेस’ नव्हे!

धुळे-सोलापूर महामार्गावरील वडीगोद्रीचा माणूस विमानाने निघाला की चिकलठाणा गाठतो, नाही तर थेट मुंबई. मोसंबीचा व्यापारी असो की दुबईला मुलाकडे निघालेले आई-वडील, तिकीट बहुधा एजंटमार्फतच काढले जाते. तेथे एक शब्द हल्ली सर्रास कानावर पडतो, ‘प्रीमियम’. ऐकणारा समजतो, बिझनेस क्लास स्वस्तात मिळाला. हा गैरसमज महागात पडतो, म्हणून त्याचा खुलासा करणे आम्हाला गरजेचे वाटते.

विमानातला हा तिसरा वर्ग तसा नवा नाही. तैवानच्या इव्हा एअर कंपनीने आणि ब्रिटनच्या व्हर्जिन अटलांटिकने 1990 च्या दशकाच्या आरंभीच तो आणला. भारतीय कंपन्यांत 2015 साली विस्ताराने त्याची सुरुवात केली. ती कंपनी नोव्हेंबर 2024 मध्ये एअर इंडियात विलीन झाली.

नावातच खरी गोष्ट दडली आहे. प्रीमियम इकॉनॉमी म्हणजे सुधारलेली इकॉनॉमी. एमिरेट्सच्या मोठ्या विमानांत या वर्गात पुढच्या-मागच्या खुर्चीतील अंतर 40 इंच आणि रुंदी साडेएकोणीस इंच आहे. पाय मोकळे राहतात, पण खुर्चीचा पलंग होत नाही. तो बिझनेसमध्ये होतो. देशांतर्गत लहान विमानांत तर फरक आणखी किरकोळ! एअर इंडियाच्या लहान विमानांत प्रीमियमच्याही एका बाजूला तीनच खुर्च्या. पायाला काही इंच जागा जास्त, एवढेच. चिकलठाणा ते मुंबई या तासाभराच्या उड्डाणासाठी कोणी जादा पैसे मोजत असेल तर तो हौसेचा मामला समजावा.

आता व्यापारी बंधूंनी कराकडे लक्ष द्यावे. सोय इकॉनॉमीच्या जवळची असली तरी सरकार या तिकिटाला बिझनेसच्याच रांगेत बसवते. इकॉनॉमीवर जीएसटी 5 टक्के. वरच्या सर्व वर्गांवर पूर्वी 12 टक्के होता, तो 22 सप्टेंबर 2025 पासून 18 टक्के झाला. समजा, इकॉनॉमीचे भाडे 12 हजार आणि प्रीमियमचे 20 हजार आहे. कर अनुक्रमे 600 आणि 3,600 रुपये. म्हणजे आठ हजारांचा दिसणारा फरक प्रत्यक्षात अकरा हजारांवर जातो.

जालन्यातील सळईचा नोंदणीकृत व्यापारी धंद्याच्या कामासाठी जात असेल, तर तिकीट काढतानाच आपला जीएसटी क्रमांक द्यावा. हा कर त्याला पुढे आपल्या देण्यातून वजा करता येतो. ताजी मोसंबी मात्र करमुक्त! देशातल्या बाजारात फक्त तीच विकणाऱ्याला ही वजावट नाही, सगळा भार खिशावर.

तिकिटावरील एकट्या इंग्रजी अक्षरावर विसंबू नये. ‘डब्ल्यू’ हे अक्षर पुष्कळदा प्रीमियम इकॉनॉमीचे असते, पण प्रत्येक कंपनीचा हिशेब वेगळा. वर्गाचे पूर्ण नाव वाचून घ्यावे, आणि पैसे देण्यापूर्वी.

वरच्या वर्गाचे तिकीट असूनही कंपनीने परस्पर खाली बसवले, तर गोष्ट वेगळी. 15 फेब्रुवारी 2023 पासूनच्या नियमाने देशांतर्गत प्रवासात करांसह तिकिटाचे 75 टक्के परत मिळतात. परदेश प्रवासात 1,500 किलोमीटरपर्यंत 30, पुढे 3,500 पर्यंत 50 आणि त्याहून लांब 75 टक्के. मुंबई-दुबई मधल्या टप्प्यात येते. बोर्डिंग पास तेवढा जपून ठेवावा.