लष्करी ट्रकचे छत कापडाचे का?

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या जीएमसी कंपनीने अडीच टनी 'सीसीकेडब्ल्यू' ट्रक ५ लाखांहून अधिक बनवले. आरंभी केबिन पोलादी होती. युद्ध चालू असतानाच ती उघडी झाली. पोलाद वाचले, छत काढून पुढची काच आडवी केली की उंची घटे, जहाजात जागा कमी लागे. सरळ व्यापारी हिशोब!

छत जाड सुती कॅनव्हासचे. सूत भिजले की फुगते, विणीची भोके मिटतात. आज शौकीन लोक हे ट्रक जतन करतात, त्यांना नवी खोळ लागते. शिवणाऱ्या कारागिराने माप जुन्या खोळीचे नव्हे, सांगाड्याचे घ्यावे व आकसण्याची सूट ठेवावी. धागाही सुतीच हवा. नायलॉन मजबूत खरा, पण फुगत नाही. टाक्यातून पाणी गळते आणि बोल कारागिराला लागतो. खोळ ओली गुंडाळल्यास बुरशी धरते, हे गिऱ्हाइकाला माल देतानाच सांगावे.