काचेचा विद्युदग्र आणि संगणक

विद्रावाचा सामू, म्हणजेच पीएच मूल्य, दर मिनिटास संगणकाने आपोआप टिपून ठेवावे ही सोय आता अल्प खर्चात साध्य होते. विद्युदग्राच्या तारा संगणकाच्या मापनमंडलास जोडल्या की काम झाले, असा मात्र पुष्कळांचा समज असतो. तारा जोडताच आकडे उमटू लागतात हे खरे. ते सामूचेच असतात असे नव्हे.

विद्युदग्रापासून मिळणारा विद्युत्‌दाब नगण्य नसतो. सामू ७ असता तो शून्याच्या आसपास असतो आणि २५° सेल्सिअस तपमानास सामूच्या दर एककामागे ५९.१६ मिलिव्होल्टांनी बदलतो. अडचण आहे ती काचेच्या पडद्याच्या रोधाची. हा रोध १०० मेगओहम किंवा त्याहूनही अधिक असू शकतो. मापनमंडलाचा स्वतःचा रोध १ मेगओहम असेल, तर विद्युत्‌दाबाचा जेमतेम शंभरावा भाग मापकापर्यंत पोहोचतो. बाकीचा काचेतच खर्ची पडतो. मग पात्रात लिंबाचा रस असो की साबणाचे पाणी, नोंद ७ च्या जवळपासच राहते. ही चूक विशेष फसवी, कारण ७ या आकड्याचा कोणास संशय येत नाही.

अडचण जुनीच आहे. कॅलिफोर्नियातील लिंबूवर्गीय फळांच्या उद्योगात रसाची आम्लता मोजताना गॅल्व्हानोमीटर हलावा म्हणून काच अतिशय पातळ ठेवावी लागे, आणि ती वारंवार फुटे. १९३४ मध्ये आर्नल्ड बेकमन यांनी मध्ये निर्वात नलिकांचा विवर्धक घातला आणि जाड काच वापरणे शक्य झाले. आज नलिकांची जागा ट्रान्झिस्टरी विवर्धकाने घेतली आहे, तत्त्व तेच. विवर्धक निवडताना तो स्वतः किती प्रवाह ओढतो हे प्रथम पाहावे. १ नॅनोअँपिअर हा प्रवाह क्षुल्लक वाटतो. पण १०० मेगओहम रोधातून तो १०० मिलिव्होल्टांची, म्हणजे दीड एककाहून अधिक चूक घडवितो. १ पिकोअँपिअर असल्यास चूक ०.१ मिलिव्होल्टावर येते. विवर्धक विद्युदग्राच्या निकट असावा व जोडणी कोरडी असावी. कोकणातील पावसाळ्यात जोडणीवरील दमटपणाही गळतीस पुरेसा होतो.

आणखी एक दोष असा की, चंचुपात्रात बिनचूक चालणारे साधन टाकीत उतरवताच चुकू लागते. टाकीतील पंप वा तापक जमिनीशी जोडलेला, संगणकही अर्थिंगमधून जमिनीशी जोडलेला. त्यामुळे संदर्भ विद्युदग्रातून नको तो प्रवाह वाहतो. मापनमंडल व संगणक यांच्यामध्ये विद्युत्‌पृथक्कारक घालणे, आणि मंडलाचा वीजपुरवठाही वेगळा ठेवणे, हाच त्यावर खरा उपाय होय. संगणकप्रणालीत सरासरी काढून हा दोष जात नाही.

राहता राहिली नोंदीची पद्धत. केवळ सामूचा आकडा साठविणे हे आमच्या मते अपुरे आहे. दर एककामागील विद्युत्‌दाब ०° सेल्सिअसला ५४.२० तर ४०° ला ६२.१३ मिलिव्होल्ट असतो. शिवाय विद्युदग्र जुना होत जाईल तसा तो घटतो. म्हणून प्रत्येक नोंदीत वेळ, तपमान आणि मूळ मिलिव्होल्ट असावेत, ४.०१ व ७.०० सामूच्या प्रमाण विद्रावांत मिळालेली मापेही तारखेसह त्याच नोंदवहीत ठेवावीत. प्रयोग संपल्यावर पुन्हा प्रमाण विद्राव तपासावेत. मधल्या काळात विद्युदग्र किती सरकला हे त्यावरून कळते, आणि मूळ मिलिव्होल्ट हाती असल्याने जुन्या नोंदी त्यानुसार पुन्हा मांडता येतात.