शोधनिबंधातील पुरावा आणि त्याचे प्रकाशन

संशोधन संपल्यानंतर ते लिहून काढणे म्हणजे शोधनिबंध, अशी समजूत पदव्युत्तर वर्गांत सर्रास आढळते. मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रे यांच्या क्षेत्रात ती फारशी टिकत नाही. प्रयोगशाळेतील प्रयोग दुसऱ्यास पुन्हा करून पाहता येतो. जुन्या दप्तरातील पत्राचा लावलेला अर्थ तपासावयाचा तर ते पत्र वाचकाच्या हाती असले पाहिजे, निदान ते कोठे सापडेल हे त्यास कळले पाहिजे. यास्तव तळटीप हा निबंधाचा अलंकार नसून त्याचाच एक अवयव होय.

वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे तिचे बावीस खंड झाले. खंडांना जोडलेल्या विस्तृत प्रस्तावनांतील काही मते नंतरच्या अभ्यासकांनी खोडून काढली. मूळ पत्रे मात्र आजही उपयोगी पडतात, कारण साधन आणि त्यावरील भाष्य ही तेथे परस्परांत मिसळलेली नाहीत.

याहून काटेकोर उदाहरण भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे. वि. सी. सुकथनकर यांनी १९२५ मध्ये तिचे प्रमुख संपादकत्व स्वीकारले. आदिपर्व १९३३ मध्ये पूर्ण झाले आणि मूळ संहितेचे काम, त्यांच्या निधनानंतर तेवीस वर्षांनी, १९६६ मध्ये संपले. या आवृत्तीत वर स्वीकृत पाठ आणि खाली हस्तलिखितांतील पाठभेद दिलेले आहेत. संपादकास ज्या पाठाची पुरेशी खात्री वाटली नाही, त्याखाली नागमोडी रेघ आहे. आपली शंका इतक्या उघडपणे छापणारा संपादक विरळा! विद्यार्थ्याच्या निबंधात मात्र पुष्कळदा ‘निःसंशय’ आणि ‘निर्विवाद’ हे शब्द नेमके पुरावा तोकडा असेल तेथे येतात.

प्रकाशनाची बाजू याहून बिकट आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांनी पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी एक शोधनिबंध प्रसिद्ध करणे आवश्यक ठरविले. २०२२ च्या नियमांत ही अट राहिली नाही. दरम्यान पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचा बाजार भरला होता. मे २०१८ मध्ये आयोगाने आपल्या यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळली. त्यानंतर आलेली ‘केअर’ यादीही २०२५ मध्ये बंद करण्यात आली. यादीकडे बोट दाखविण्याची सोय अशा रीतीने संपल्यामुळे नियतकालिकाची पारख करण्याचे काम आता संस्था आणि खुद्द अभ्यासक यांच्याकडे आले आहे. त्यासाठी मागील दोन-तीन अंक प्रत्यक्ष वाचण्याइतका उपयुक्त मार्ग दुसरा नाही. निबंध पाठविल्यावर चार दिवसांत स्वीकृती आणि तिच्यासोबत शुल्काची मागणी आली, तर कोणी परीक्षकाने तो वाचला असण्याचा संभव थोडाच.

२०१८ च्याच वाङ्मयचौर्यविषयक नियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्यास दंड नाही. या आकड्याचा एक विपरीत अर्थ रूढ होऊ पाहत आहे: साम्य नऊ टक्के निघाले म्हणजे निबंध स्वतंत्र ठरला! शब्दांची जुळणी मोजणाऱ्या यंत्रास इंग्रजी ग्रंथातून मराठीत उतरविलेला युक्तिवाद बहुधा दिसत नाही. मराठीत लिहिणाऱ्यावर म्हणूनच अधिक जबाबदारी येते; शब्द आपले आणि विचार दुसऱ्याचा असेल, तेथेही मूळ लेखकाचा निर्देश हवाच.

परीक्षकाचे आक्षेप आल्यावर पुष्कळ निबंध कायमचे फडताळात जातात. वस्तुतः आक्षेपांतील निम्मे तरी पुराव्याविषयी नसून मांडणीविषयी असतात. परीक्षकाने मुद्दा चुकीचा समजून घेतला असेल, तरी तो तसा का समजला गेला हे त्या परिच्छेदात शोधावे. आक्षेप मान्य नसल्यास संपादकास आधारासह तसे कळवावे. दुरुस्ती केली तेथे पृष्ठांक द्यावा, नाकारली तेथे कारण.