खमंगपणाचा हिशेब

थकवा आला, पावसाची झड लागली किंवा तापातून तोंडाची चव गेली की हिंगोली जिल्ह्यातील घरांत ज्या पदार्थांची आठवण होते, त्यांत पिठले-भाकरी, येसराची आमटी, मुगाची खिचडी, धपाटे आणि मुरमुऱ्यांचा सुशीला यांचा क्रम वरचा लागतो. हे पदार्थ आरोग्यदायी करायचे म्हणजे त्यांच्या जागी परक्या धान्यांची पाकिटे आणायची, असा समज शहरांतून खेड्यांपर्यंत पोचला आहे; वास्तविक या पदार्थांचा मूळ बांधा मजबूत असून बिघाड झाला आहे तो धान्यांच्या अदलाबदलीत आणि तेलाच्या सैल हातात.

अदलाबदल शेतातच सुरू झाली. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात खरिपाच्या ज्वारीची जागा मुख्यतः सोयाबीनने घेतली, आणि भाकरीच्या ताटात पोळी व भात वाढत गेले. ज्वारीच्या १०० ग्रॅममध्ये साधारण १० ग्रॅम तंतू, म्हणजे न पचणारा पण पचनाला हातभार लावणारा चोथा असतो. पॉलिश केलेल्या तांदळात तो ३ ग्रॅमही भरत नाही. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेच्या सहकार्याने २०१८ मध्ये ‘परभणी शक्ती’ हा ज्वारीचा वाण दिला, त्यात लोह आणि जस्त नेहमीच्या वाणांहून अधिक आहे. मात्र ज्वारीतील फायटिक आम्ल लोहाला धरून ठेवते व शरीराला ते पुरते मिळू देत नाही; ज्वारीचे पीठ आंबवून केलेल्या आंबिलीत हे आम्ल कमी होते, आणि भाकरीसोबत लिंबाची फोड घेतली तर त्यातील ‘क’ जीवनसत्त्वामुळे लोह अधिक शोषले जाते.

धान्य आणि तेलाच्या या बिघाडाबाबत सर्वांत बोलका पदार्थ धपाटा. ज्वारीच्या पिठात चिकटपणा देणारे ग्लुटेन नसते, शिवाय पीठ जुने होऊन त्याची विरी गेली की धपाटा थापताना तुटतो. म्हणून पुष्कळ घरांत कणीक वाढवली जाते आणि तुटलेल्या कडा सावरायला तेलाची धार सोडली जाते. त्याऐवजी ताजे दळलेले पीठ घेऊन त्यातील थोड्या भागाची उकळत्या पाण्यात उकड काढली, तर त्यातील स्टार्च फुगून चिकट होतो आणि सारे पीठ बांधून धरतो. मग हरभरा डाळीचे पीठ, तीळ, ओवा, लसूण-मिरचीचा ठेचा, हळद आणि मूठभर चिरलेली मेथी घालून दह्यात मळावे, ओल्या फडक्यावर थापून तव्यावर उलटावे, मध्ये बोटाने दोन-तीन भोके पाडावीत आणि पहिली बाजू झाकणाखाली वाफेवर शिजू द्यावी. अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरवला की एवढ्या तेलात काम भागते. पाच मिलिलिटरच्या एका चमच्या तेलात सुमारे ४० किलोकॅलरी असतात, तेव्हा एका धपाट्यामागे तीन चमचे वाचले तर ती बचत लहान नव्हे. खमंगपणा येतो तो तापलेल्या तव्यावर पिठाचे, तिळाचे आणि लसणाचे डाग पडण्यातून; पिठात मुरलेले तेल त्यात फारशी भर घालत नाही.

पिठले-भाकरीची जोडी पूर्वजांनी चवीसाठी जुळवली असावी, पण ती पोषणशास्त्रालाही पटते: तृणधान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी, तर डाळींत ते भरपूर, आणि दोन्ही एकत्र आल्यावर प्रथिनांचा दर्जा सुधारतो. म्हणून वरणभातातही भाताचा ढीग कमी करून तुरीचे वरण दाट आणि दुप्पट घेणे, एवढा बदल पुरतो. सुशीलाचे मुरमुरे लवकर पचून भूक परत आणतात. त्यात मोड आलेली मटकी घातली की तो नाश्ता जेवणाच्या तोडीचा होतो. जिल्ह्यात पिकणारे सोयाबीन मात्र तेलगिरणीकडे जाते, घरात क्वचितच शिजते. ते वापरायचे तर कच्चे दळू नये, कारण त्यात प्रथिनांच्या पचनात अडथळा आणणारी द्रव्ये असतात. वीस-पंचवीस मिनिटे उकळून, वाळवून दळावे आणि नऊ वाट्या ज्वारीस एक वाटी या बेताने मिसळावे, अन्यथा चवीला उग्रपणा येतो.

२०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या, याच जिल्ह्यातील वसमतच्या हळदीबद्दल औषधी दाव्यांचा सध्या सुकाळ आहे. तिच्यातील कुर्कुमिन पाण्यात विरघळत नाही व शरीरात फार कमी शोषले जाते, त्यामुळे चिमूटभर हळदीने आजार पळेल ही अपेक्षा बाळगू नये. फोडणीच्या थोड्या तेलात ती परतावी, ती रंगासाठी आणि वासासाठी.

दिवाळीच्या फराळात सर्व पदार्थांना एकच नियम लावता येत नाही. पातळ पोहे कढईत मंद आचेवर कोरडे भाजून फक्त फोडणीपुरते तेल घेतले तरी चिवडा कुरकुरीत होतो. चकलीचे तसे नाही: तळताना भाजणीतील पाणी वाफ होऊन निघते आणि मागे राहिलेल्या बारीक पोकळ्यांमुळे ती खुसखुशीत होते, म्हणून भट्टीत भाजलेली चकली बहुधा कडक आणि रुक्ष निघते. ती नीट तापलेल्या तेलात तळावी आणि ताटात दोनच वाढाव्यात.