बाळ-बाळंतिणीची शाळा डोंगरातही भरावी

मूल जन्माला येणे निसर्गाच्या हाती असते. मूल सांभाळणे मात्र शिकावे लागते. या शिक्षणासाठी पूर्वी कोणी घराबाहेर जात नसे, कारण त्याची शाळा घरातच भरत होती. आई, सासू, जाऊ, शेजारची म्हातारी आणि गावची सुईण या त्या शाळेतील शिक्षिका. न्हाणी हा वर्ग, आणि लांब केलेल्या पायांवर पालथे घातलेले तान्हे हाच पाठ. आज मुंबई-पुण्याकडे नव्या मातापित्यांसाठी रीतसर वर्ग निघाले आहेत. बाळाच्या अंगाला तेल कसे चोळावे, त्याला छातीशी कसे धरावे, त्याचे रडणे कसे ओळखावे, हे तेथे शुल्क घेऊन शिकवितात. या वर्गांची थट्टा करणारेही पुष्कळ आहेत. ‘आमच्या आज्या कोणत्या वर्गाला गेल्या होत्या?’ हा त्यांचा ठरलेला प्रश्न. त्याचे उत्तर असे की, आज्यांना वर्गाला जावे लागले नाही, कारण वर्गच त्यांच्या घरी येत होता. आता तो येईनासा झाला आहे. आणि तोही केवळ शहरात नव्हे, तर महाड-पोलादपूरच्या डोंगरवाड्यांतसुद्धा.

मोडलेली शाळा

सावित्रीच्या खोऱ्यातील या दोन तालुक्यांची घडण मुंबईच्या आधाराने झालेली आहे. घरटी एक-दोन कर्ते पुरुष नोकरीधंद्यासाठी मुंबईला, आणि मागे म्हातारी माणसे, अशी येथील कित्येक वाड्यांची स्थिती पिढ्यान्‌पिढ्या राहिली. गेल्या काही दशकांत सुनाही नवऱ्यांबरोबर मुंबई-ठाण्याच्या खोल्यांत राहावयास गेल्या. पहिल्या बाळंतपणासाठी मुलगी माहेरी येते खरी. पण माहेरच्या घरातही आता पूर्वीची माणसे उरलेली नाहीत. धाकटी बहीण महाडला महाविद्यालयात, भावजय औद्योगिक वसाहतीत कामाला, आणि आई शेतात. कातकरी कुटुंबांची तर गोष्टच निराळी. दिवाळीनंतर वीटभट्टीच्या वा कोळशाच्या कामावर जे बिऱ्हाड निघते, ते पावसाच्या तोंडालाच परतते. त्या बिऱ्हाडातील बाळंतिणीचा सव्वा महिना भट्टीच्या शेजारीच सरतो.

याच काळात प्रसूती घरातून रुग्णालयात गेली, ही निःसंशय स्वागतार्ह गोष्ट होय. २००५ साली जननी सुरक्षा योजना आणि २०११ साली जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम सुरू झाल्यानंतर गरीब घरातील स्त्रीलाही सरकारी रुग्णालयाचे दार उघडले. पूर्वी अडलेल्या बाळंतिणीला डोलीत घालून डोंगर उतरावा लागे आणि वाटेतच सारे संपे. त्या दिवसांबद्दल हळहळण्याचे कारण नाही. परंतु रुग्णालयाचा संबंध बहुधा दोन-तीन दिवसांचा असतो. जननी-शिशु कार्यक्रमात साध्या प्रसूतीनंतर तीन दिवसांच्या आणि शस्त्रक्रियेनंतर सात दिवसांच्या मोफत आहाराची तरतूद आहे, यावरूनच त्या मुक्कामाची कल्पना यावी. सुईणीचा संबंध मात्र नाळ कापून संपत नसे. ती रोज येई, बाळंतिणीला तेल लावी, शेक देई, बाळाला न्हाऊ घाली, टाळू भरी. आणि हे करता करता नव्या आईचे हात तयार करी. प्रसूतीचे धोक्याचे काम तिच्याकडून काढून घेतले, हे योग्यच झाले. पण त्याबरोबर तिची सोबतही गेली, आणि त्या जागी दुसरे काही ठेवण्याचे आपल्याला सुचले नाही.

या सुईणीला समाजाने दिलेली वागणूकही येथे आठवावयास हवी. अनेक गावांत हे काम अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील स्त्रिया करीत. ज्या महाडात २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली चवदार तळ्याचे पाणी प्राशन करण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, तेथील वाचकांना यातील विसंगती समजावून सांगावयास नको. ज्या हातांत गावाची मुले जन्म घेत, तेच हात विटाळाचे ठरत. मूल सांभाळण्याचे ज्ञान आपण ज्ञान म्हणून कधी जपले नाही, याचे एक कारण या अनादरातही शोधता येईल.

परदेशातून परतलेले तेल

आपण ज्याला ज्ञान मानले नाही, त्याची दखल परक्यांनी घेतली. फ्रेडरिक लेबॉयर या फ्रेंच प्रसूतितज्ज्ञाने कलकत्त्यात शांताला नावाच्या एका गरीब स्त्रीला आपल्या बाळाचे अंग रगडताना पाहिले आणि १९७६ साली तिच्याच नावाचे सचित्र पुस्तक प्रसिद्ध केले. व्हिमला मॅक्‌क्लूर या अमेरिकन स्त्रीने १९७३ च्या सुमारास उत्तर भारतातील एका अनाथालयात काम करताना हीच रीत पाहिली आणि मायदेशी परतल्यावर आईबापांना ती शिकविण्यास आरंभ केला. आज जगभर चालणाऱ्या बाळमर्दनाच्या वर्गांचे मूळ असे आपल्या न्हाणीत आहे. मुंबईतील वर्गात जे शुल्क देऊन शिकावे लागते, ते बव्हंशी आपल्याच आजीचे, परदेशी जाऊन परतलेले ज्ञान होय.

शास्त्रानेही या रीतीची परीक्षा घेतली आहे. १९८६ साली अमेरिकेत टिफनी फील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांना दहा दिवस, दिवसातून तीन वेळा, पंधरा-पंधरा मिनिटे हलक्या हाताने चोळले. इतर बाळांच्या तुलनेत त्यांचे वजन दररोज ४७ टक्के अधिक वाढले. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयातील डॉक्टरांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे वजन खोबरेलाच्या मालिशीने खनिज तेलापेक्षा अधिक वाढल्याचे आढळले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत, पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळाला हळुवार मालिश करण्याचा विचार करावा, असे सावध शब्दांत म्हटले आहे. तेव्हा कोकणातल्या खोबरेलाला आता कोणाच्या प्रशस्तिपत्राची वाट पाहावी लागू नये.

काय राखावे, काय टाकावे

मात्र परंपरा म्हटली की सारीच शिरोधार्य, असेही नव्हे. जुन्या शाळेत चांगले पाठ होते, तसे घातकही होते. पहिले पिवळसर घट्ट दूध, म्हणजे चीक, पिळून टाकावयाचा. त्याऐवजी मध वा गुळाचे पाणी चाटवावयाचे. नाका-कानांत तेलाचे थेंब सोडावयाचे. बाळाची छाती दाबून ‘दूध’ काढावयाचे. डोळ्यांत काजळ भरावयाचे. आणि दारे-खिडक्या लावून कोंडलेल्या खोलीत शेगडीचा धूर करावयाचा, हे सारे त्याच शाळेत शिकविले जाई. वस्तुतः चीक हेच बाळाचे पहिले संरक्षण. सहा महिने आईच्या दुधाखेरीज पाणीदेखील देण्याची गरज नसते, आणि मध तर वर्षाच्या आत देऊच नये. नाकात घातलेले तेल फुप्फुसात उतरू शकते. जन्मल्यावर निदान चोवीस तास बाळाला न्हाऊ घालू नये, असे आता सांगितले जाते, कारण लहानग्या जिवाला थंडी फार लवकर बाधते.

याउलट, जे नवे म्हणून सांगितले जाते ते पुष्कळदा आश्चर्यकारक रीतीने जुने असते. कमी वजनाच्या बाळाला उघड्या अंगाने आईच्या छातीशी बांधून ठेवण्याची पद्धत १९७८-७९ च्या सुमारास कोलंबियाच्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांनी, उबेच्या पेट्या अपुऱ्या पडल्या म्हणून सुरू केली. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जन्मल्याबरोबर अशी ऊब मिळालेल्या लहान बाळांत मृत्यूचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने कमी आढळले. त्याला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. लागते ती एक स्वच्छ साडी किंवा पंचा, आणि ते कसे बांधावे हे दाखविणारे माणूस. वडिलांच्या छातीवरही बाळाला तीच ऊब मिळते, हे तर आपल्याकडे अजून कोणाच्या ध्यानीमनी नाही.

आईच्या मनाचे काय?

बारशापर्यंत सारी गर्दी बाळाभोवती असते. त्यानंतर आई एकटी पडते. शेजारच्या गोव्यात म्हापशाच्या रुग्णालयात प्रसूत झालेल्या स्त्रियांचा डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांपैकी २३ टक्के मातांत नैराश्याचा विकार आढळला. दारिद्र्य, नवऱ्याची मारहाण आणि मुलगी झाल्याची नाराजी यांचा त्याच्याशी संबंध दिसला. चार-पाच बाळंतिणींत एक, हे प्रमाण थोडे नव्हे. पुढे गोव्यातच, गावातील साध्या स्त्रियांना ‘सखी’ म्हणून शिकवून अशा मातांच्या घरी पाठविण्याचा प्रयोग झाला, आणि त्या भेटींमुळे बऱ्या होणाऱ्या मातांचे प्रमाण वाढल्याचे दिसून आले. डोंगरातल्या वाडीवर, नवरा मुंबईला असताना, दुसरी मुलगी मांडीवर घेऊन बसलेली बाई गप्प गप्प राहू लागली, तर तिला ‘बाहेरचे लागले’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. ‘तुला बरे वाटत नाही का?’ असे विचारणारे कोण आहे?

गडचिरोलीचा धडा, बिरवाडीचा वारसा

आधी रस्ते द्या, डॉक्टर द्या, मग वर्गांचे बोला, असा आक्षेप कोणी घेईल. रस्ते आणि डॉक्टर हवेतच. परंतु शिक्षण हा त्यांनंतरचा चैनीचा विषय आहे, हे म्हणणे अनुभवाला धरून नाही. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीच्या ३९ गावांत, गावातीलच स्त्रियांना शिकवून नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याची पद्धत बसविली. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटले. तेथे मोठे रुग्णालय उभे राहिले म्हणून हे घडले नाही. शिकलेले हात घरापर्यंत पोहोचले म्हणून घडले.

महाडकरांना तर याचा दाखला घरचाच आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी रात्र रात्र बसून जे टिपले, ते पुढे ‘लॅन्सेट’सारख्या जगन्मान्य नियतकालिकात गेले आणि असंख्य जीव वाचले. लहान केंद्रात, अपुऱ्या साधनांनिशी, पण बारीक नजरेने केलेले काम किती दूरवर जाते, याचे हे उदाहरण होय.

रस्त्यांचाच मुद्दा घेतला तर तो उलट या शाळेच्या बाजूने जातो. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यात तळिये येथे, आणि पोलादपूर तालुक्यात केवनाळे व सुतारवाडी येथे दरडी कोसळल्या; महाड शहर पुरात बुडाले. वरंध आणि आंबेनळी घाटांत दरड पडणे हे तर नित्याचेच. ज्या दिवशी वाट बंद असते, त्या दिवशी आईलाच कळावे लागते की, बाळाने दूध ओढणे थांबविले, अंग गार पडले वा तापले, श्वास मिनिटाला साठापेक्षा अधिक होऊ लागला, छाती आत खेचली जाऊ लागली, तर ते साधे ‘किरकिर’ नव्हे. हे वेळीच ओळखणाऱ्या घराला मदत मागविण्यासाठी काही तास हाती लाभतात.

शाळा कशी भरावी

यासाठी नवे खाते काढण्याची आवश्यकता नाही. २०११ पासून आशा कार्यकर्तीने नवजात बाळाच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट द्यावी, अशी योजना आहे. अंगणवाडी तर १९७५ पासूनची. महिन्यातून एकदा तेथे आरोग्य व पोषण दिवस भरतो. मात्र वजन करणे, टोचणे, नोंदवहीत सही घेणे एवढ्यावरच तो दिवस आटोपू नये. त्यातला एक तास गरोदर स्त्रिया आणि नव्या माता यांच्यासाठी राखून ठेवावा. तेथे परिचारिकेने दूध पाजण्याची बैठक दाखवावी, गावात उरलेल्या एखाद्या जुन्या सुईणीने तेल लावण्याचा हात दाखवावा, आणि दोघींनी मिळून काय राखावे व काय टाकावे ते सांगावे. सुईणीला त्या तासाचे मानधन मिळावे. आशेच्या पाठीवर आधीच अनेक कामांचे ओझे आहे. तेव्हा या कामाचा मोबदला वेगळा आणि वेळेवर दिला नाही, तर योजना कागदावरच राहील, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे.

आणि बाप? केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला पंधरा दिवसांची पितृत्व रजा मिळते; मुंबईत हॉटेलात वा गोदामात राबणाऱ्या पोलादपूरकराला ती कोण देणार? परंतु तोही शिमग्याला आणि गौरी-गणपतीला गावी येतोच. त्या दिवसांत वाडीवाडीत मंडळांच्या बैठका होतात, जमाखर्च होतात, भजने होतात. त्यांतच एक संध्याकाळ बापांच्या वर्गासाठी द्यावी. मूल उचलावे कसे, छातीशी धरावे कसे, बायकोचे मन कसे सांभाळावे, हे शिकण्यात पुरुषाला कमीपणा नाही. येथील शिक्षकांनी, ग्रामपंचायतीतील कारकुनांनी आणि सुटीत घरी येणाऱ्या विद्यार्थ्यांनी मनावर घेतले, तर अशी पहिली संध्याकाळ भरविणे मुळीच अवघड नाही.

मुंबईतील वर्ग बंद पडावेत, असे नव्हे. तेही एक गरज भागवीत आहेत. पण जे ज्ञान या मातीतल्या निर्धन बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या हातांत जपले, ते शुल्क देऊ शकणाऱ्यांनाच मिळावे आणि त्या बायकांच्या नातींना मिळू नये, ही स्थिती कोणत्याही समाजाला शोभणारी नाही. त्या नातींसाठी वर्ग भरावयाचा, तर त्याला इमारत लागणार नाही. अंगणवाडीची ओसरी, वाटीभर तेल आणि शिकविणारे दोन जाणते हात एवढे पुरेसे आहे.