परांची केव्हा उतरवावी?

इमारतीचे काम चालू असताना भिंतीला लागून बांबूंची परांची बांधतात. तिच्यावाचून गवंड्याचा हात वर पोहोचत नाही. परंतु भिंत पुरी झाल्यावरही परांची तशीच ठेवली, तर त्या घराला कोणी घर म्हणणार नाही. शिक्षणातही हाच न्याय आहे. डेव्हिड वुड, जेरोम ब्रूनर व गेल रॉस या मानसशास्त्रज्ञांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात शिक्षकाच्या मदतीला परांचीचेच नाव दिले. तीन, चार व पाच वर्षांच्या मुलांना २१ लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचावयास देऊन त्यांनी हे पाहिले होते. मूल अडेल तेथे हात द्यावा आणि जमू लागताच तो मागे घ्यावा, हे त्यातील सूत्र.

तेव्हा स्वावलंबी विद्यार्थी म्हणजे वाऱ्यावर सोडलेला विद्यार्थी नव्हे. "तुमचे तुम्ही वाचा" असे सांगून खुर्चीत बसणे हे एक टोक, आणि फळ्यावरचे उत्तर जसेच्या तसे वहीत उतरवून घेणे हे दुसरे. दोन्हींकडे मुलाची बुद्धी रिकामीच बसते. आमच्या मते, आपले उत्तर बरोबर की चूक हे ज्याला स्वतः पडताळून पाहता येते, तोच स्वावलंबी.

आमच्या परिचयाचे उदाहरण घेऊ. आय.टी.आय.मध्ये व्हर्नियर कॅलिपर शिकवतात. त्याच्या मुख्य पट्टीवर एकेका मिलिमीटरच्या खुणा असतात. नेहमीच्या एका प्रकारात सरकत्या पट्टीवर ५० भाग असतात. परंतु ते मुख्य पट्टीच्या ४९ मिलिमीटरांएवढ्याच लांबीत बसवलेले. म्हणून त्यातला प्रत्येक भाग ०.९८ मिलिमीटरचा, आणि दोन पट्ट्यांच्या एकेका भागातील फरक ०.०२ मिलिमीटर. सरकत्या पट्टीचे शून्य २४ च्या पुढे गेले आणि तिची १७ वी रेघ मुख्य पट्टीच्या एखाद्या रेघेशी तंतोतंत जुळली, तर माप २४ अधिक ०.३४, म्हणजे २४.३४ मिलिमीटर.

हे शिकवताना शिक्षकाने प्रथम एक माप स्वतः घ्यावे आणि मनात चाललेला विचार मोठ्याने बोलून दाखवावा. दुसरे माप साऱ्या वर्गाने मिळून घ्यावे. तिसरे दोघादोघांच्या जोडीने, आणि चौथे एकट्याने. पाचव्या वेळी शिक्षकाने उत्तर सांगूच नये, मुलाने "बरोबर आहे का?" असे विचारले, तर "तू कसे ठरवशील?" असे उलट विचारावे. शून्य २४ आणि २५ यांच्या मध्ये आहे, मग २७.४ हे उत्तर येईलच कसे, हे मुलाला आपोआप उमगते. तोच तुकडा पुन्हा मोजावा, जोडीदाराकडून मोजून घ्यावा, हेही त्याला सुचू लागते. परांची उतरली ती येथे.

इतिहास किंवा भाषा शिकवतानाही रीत हीच. धडा वाचून झाला की पुस्तक मिटावे, आठवेल ते लिहावे, मग पुस्तक उघडून तपासावे. रोडिगर व कार्पिके या संशोधकांनी २००६ साली दाखवून दिले की, तोच मजकूर पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनंतर अधिक आठवते. परंतु आठवड्यानंतर पाहिले तर आठवून लिहिणारे पुढे असतात. पुन्हा वाचताना सारे ओळखीचे वाटते, आणि ओळखीचे वाटणे म्हणजे येणे, असा आपला समज होतो. आठवून लिहिताना तो भ्रम टिकत नाही.

वर्गात साठ मुले, अभ्यासक्रम मोठा, वेळ कोठून आणावा, असे शिक्षक विचारतील. अडचण खरी आहे. परंतु जोडीने तपासणे आणि पुस्तक मिटून लिहिणे याला तासातली दहा मिनिटे पुरतात. साठ वह्या एकट्याने तपासणाऱ्या शिक्षकाचा भारही त्याने थोडा हलकाच होतो.

आम्ही कामगार संघटनेचे काम करणारे लोक. आम्हांला हा प्रश्न शाळेपुरता वाटत नाही. भविष्यनिर्वाह निधीसाठी मूळ पगार व महागाई भत्ता यांवर सर्वसाधारणपणे १२ टक्के कपात होते. तो गुणाकार स्वतः करून पगारपत्रकाशी ताडून पाहणारा कामगार कारकुनाला नेमका प्रश्न विचारतो. ज्याला ते येत नाही, त्याने आधी कारकुनावर विश्वास ठेवायचा आणि मग आमच्यावर. करारावर सही करतानाही तेच. सभासद वाचत नाहीत म्हणून ज्याचे पुढारीपण टिकते, तो पुढारी आणि उत्तर उतरवून देणारा शिक्षक एकाच जातीचे. दोघांनाही आपली गरज कधी संपू नये असे वाटते.

जोतीराव फुले यांनी १८५५ साली पुण्यात शेतकरी व कामकरी स्त्रीपुरुषांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसभर राबलेल्या माणसाने रात्री पाटी घ्यावी ती कशासाठी? कागदावर काय लिहिले आहे हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्याची पाळी त्याच्यावर येऊ नये, हेच त्याचे उत्तर आम्हांला दिसते. आजच्या मुलाच्या हाती मोबाईल आहे आणि विचारताच उत्तर समोर येते. म्हणून ते उत्तर पारखण्याची सवय आज अधिकच हवी. ती सवय वर्गात लागते, आणि ती लावून बाजूला होणे हे शिक्षकाचे काम आहे.