ऊसबिल की नफा? सभासदांनो, ताळेबंद वाचा!

सभासद बंधूंनो, पहिली उचल मिळते, पुढे सणासुदीला आणखी एक हप्ता येतो. आपण म्हणतो, ‘चला, ऊसबिल पुरतं झालं!’ पण याच वरच्या हप्त्यावरून सहकारी साखर कारखाने आणि आयकर खाते यांच्यात अनेक वर्षे वाद चालला. तेलगाव असो की गढी, सहकारी कारखान्याच्या प्रत्येक सभासदाने तो समजून घेतला पाहिजे.

आपल्या शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही. कारखान्याच्या नफ्यावर मात्र आहे. समजा, सरकारी किमान दर टनाला ८०० रुपये आणि कारखान्याने दिले १,०००. कारखाना म्हणे, हजारही उसाची किंमत, म्हणजे खर्चच. आयकर खाते म्हणे, वरचे २०० म्हणजे सभासदांना वाटलेला नफा. त्यावर कर भरा! ज्याने उसाला जादा भाव दिला, त्याच्याच गळ्यात कराची नोटीस पडू लागली.

५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की सगळी जादा रक्कम नफा नव्हे. त्यात नफ्याचा भाग किती, ते हिशेब पाहून ठरवा. त्याआधी २०१५ च्या अर्थसंकल्पाने कायदा बदलला होता. सरकारने ठरवलेल्या किंवा मंजूर केलेल्या दरापर्यंतची रक्कम खर्च मानली गेली, पण ती २०१६-१७ या कर आकारणी वर्षापासून. मागची थकबाकी डोक्यावर राहिलीच. २०२३ च्या अर्थसंकल्पाने तीही सवलत दिली. सुमारे दहा हजार कोटींचा दिलासा मिळेल, असे तेव्हा सांगण्यात आले.

पण सवलत आपोआप पदरात पडत नाही. कारखान्याने आयकर अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा आणि दर मंजूर असल्याचे कागद जोडायचे. त्यासाठी ३१ मार्च २०२७ पर्यंत मुदत ठरली.

तेव्हा वार्षिक सभेला नुसते हात वर करून येऊ नका. अहवालातील ‘संभाव्य देणी’ हे पान उघडा. आयकराची रक्कम दिसली तर विचारा: ती कोणत्या वर्षाची? अर्ज केला का? आदेश आला का? गटसचिवांनीही गावात हे समजावून सांगावे. कारखान्यावरचा बोजा शेवटी उसाच्याच भावातून वसूल होतो!